गाव पळालं होतं, मी मात्र पोहोचले

नागपूरकरणीला कुडाळ म्हणजे परदेशच. निवृत्तीनंतर घरात बसून लोकांचे सल्ले ऐकण्यापेक्षा इथल्या एका निवासी शाळेत सहा महिने इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा पासपोर्ट तेवढा लागला नाही. भाषा, भात, घाम, सगळं वेगळं. तर या परदेशातून एका शनिवार-रविवारी समुद्र बघायचा म्हणून मी मालवणच्या उत्तरेला, एका खाडीकाठच्या गावात खोली आरक्षित केली. गावाचं नाव लिहीत नाही. रिकामं गाव बघायला मोबाईल उंचावून गाड्या भरून येणाऱ्यांना मी पत्ता देणार नाही.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी घरमालकीण वैशालीचा फोन आला. "बाई, तुमी पुढच्या आठवड्यात येवा. देवाचो हुकूम इलो. गावपळण आसा. तीन दिवस आमका सगळ्यांका गाव सोडूचो लागता."

मी तिला सुनावलं, की बुकिंग म्हणजे बुकिंग, आणि देवाच्या नावावर सबबी मी वर्गात चाळीस वर्षं ऐकल्या आहेत. ती बिचारी म्हणाली, "बरां तर. येवा."

शनिवारी सकाळी कुडाळहून एसटी पकडली. महिलांना अर्धं तिकीट, खिडकी मिळाली तर नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी दिसते, ती चुकवू नका. मालवणात जेट्टीवरून होडीने किल्ला पाहिला. किल्ल्यात भर उन्हात फिरायचं तर टोपी आणि पाणी आपलं आपण न्यावं. बाजारात सुरमईचं ताट साडेचारशेला, मासा ताजा, पण सोलकढी एवढ्याशा वाटीत. मागितल्यावर वाढपी म्हणाला, "बाई, ती औषदासारखी घेवची." मी म्हटलं, मग डॉक्टरला बोलाव. दुसरी वाटी आली.

दुपारी रिक्षावाल्याने गावाच्या अलीकडे एका वहाळापाशीच उतरवलं. वहाळ म्हणजे ओढा. अलीकडे माळावर झावळ्यांच्या पन्नास-साठ झोपड्या, चुली, गाई, टोपल्यांखाली कोंबड्या, बांधलेले कुत्रे, क्रिकेट खेळणारी पोरं. जत्राच. पलीकडे लाल रस्ता माडांत शिरलेला आणि त्यावर काहीही नाही.

"तुमका सांगितलंय तरी इलात!" वैशाली हसली आणि स्वतःच्या झोपडीत माझी पथारी घातली. तिचा नवरा प्रकाश, आणि सासरे आबा. आबा जन्मभर या पंचक्रोशीत पोस्टमन होते. गेली दोन वर्षं त्यांना आठवत नाही. नातवंडांची नावं विसरतात, सकाळी जेवले की नाही ते विसरतात. मला पाहून म्हणाले, "तुजा पत्र नाय हां आज."

मी विचारलं, तीन दिवस गावात असतं तरी कोण? वैशाली भाकरी थापत म्हणाली, "ज्येंचा पयला होता ते." पहिल्यांदा ज्यांचं गाव होतं, ते. मी कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी भुतांना वर्गात कधी जागा दिली नव्हती.

रविवारी अकराच्या सुमाराला आरडाओरडा झाला. आबा झोपडीत नव्हते. एका पोराने त्यांना वहाळ ओलांडताना पाहिलं होतं. गावात घराघराला विहीर, निम्म्यांना कठडा नाही, आणि पुढे खाडी. प्रकाश पाण्यात घोट्यापर्यंत उतरून "आबाऽऽ" म्हणून ओरडत होता, पण पलीकडे पाय टाकत नव्हता. मागे एक म्हातारे गावकर, म्हणजे गावचे मानकरी, उभे. "प्रकाश, तू गेलंस तर सगळ्या गावाची गावपळण मोडली. इचार कर."

"विचार?" माझा आवाज चढला. "तिकडे बाप विहिरीत पडेल आणि तुम्ही विचार करताय? लाज वाटत नाही?"

गावकर शांतपणे म्हणाले, "बाई भायरची आसा. तिका बंधन नाय."

मग मी गेले. रागाने माणूस बराच लांब चालतो.

राग दहाव्या घरापाशी संपला. मी ओस पडलेली गावं पाहिली आहेत, हे तसं नव्हतं. अंगणं सारवलेली. दोरीवर एक विसरलेला टॉवेल. कावळा नाही, कुत्रा नाही. माझ्या चपलांचा आवाज मलाच उद्धट वाटायला लागला. मी चपला हातात घेतल्या. का, ते विचारू नका.

तेवढ्यात ऐकू आलं. कोणीतरी मोठ्याने नाव पुकारत होतं. मग थांबत होतं. मग हसत होतं.

आबा एका बंद दारासमोर उभे होते, रिकामा हात पुढे करून. "सखाराम! पत्र आसा रे!" थांबले. मान हलवली. "बरां, बरां." आणि पुढच्या घराकडे वळले.

मी त्यांचा दंड धरला. "आबा, चला. आत्ताच्या आत्ता." तो माझा वर्गातला आवाज.

"हळू बोल गो," ते म्हणाले. "आयकतत. अजून सात घरां आसत."

ओढून पाहिलं. पोस्टमनचे पाय, हलेनात. शेवटी मी त्यांच्याबरोबर सात घरं चालले. प्रत्येक दारात नाव, थांबणं, ऐकणं. घरात नातवंडांची नावं विसरणारा माणूस एकाही नावाला अडखळला नाही. तिसऱ्या घरापासून मीही, नावानंतर, श्वास धरून थांबू लागले.

सातव्या दारात ते दाराला म्हणाले, "ही? पावणी. शाळेतली बाई." मग माझ्याकडे वळले. "इचारतत, तू कोणाक भेटूक इलंस?"

सूर्य डोक्यावर होता. मी त्या बंद दाराला, अगदी नीट, नमस्कार करून उत्तर दिलं. "कोणालाच नाही. यांना घरच्यांकडे न्यायला आले आहे. नेऊ का?"

आबा जरा वेळ ऐकत राहिले.

"ने म्हणतत," ते म्हणाले आणि माझा हात धरला.

परतताना मी मागे पाहिलं नाही. वहाळापाशी प्रकाशने त्यांना उचलूनच अलीकडे घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला आणखी दोन शब्द सुनावणार होते. पण तोवर बायका आबांभोवती जमल्या होत्या. "आबा, आमची आये भेटली?" "भेटली. बरी आसा." "आमचो बाबलो?" "वाडलो तो. वळखूक येना नाय." ती बाई पदर तोंडाशी धरून खाली बसली. तिचा मुलगा सातव्या वर्षी खाडीत गेला होता, असं वैशालीने नंतर सांगितलं. मी तोंड मिटून घेतलं. माझ्या ओळखीच्यांना हे कळलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी: गावपळण तीन-चार वर्षांनी, तारीख देव ठरवतो, साधारण थंडीत. यजमानीण फोन करून नको म्हणाली तर ऐका.

मार्चमध्ये करार संपला आणि मी नागपूरला परतले. इथे टीव्ही, प्रेशर कुकर, शेजाऱ्यांचा ड्रिल, शांतता अशी नाहीच. मैत्रिणी विचारतात, "भूत दिसलं का?" मी सांगते, काही दिसलं नाही. ते खरंच आहे.

परवा वैशालीचा फोन आला. आबांचं खाणं कमी झालंय. दारात बसतात, कोणाला हाक मारत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता वयच झालं. मग तिने विचारलं.

"बाई, फुडच्या गावपळणीक तुमी येशात? आमका आत जावक मेळूचा नाय. तुमी जावन बगा, आबा थंय बरे आसत काय ता."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी तिला सांगणार होते.

"येईन," मी म्हटलं.