चारशे बारा वेळा फांदी

पेणजवळच्या जोहे गावच्या जगन वायरमनचं अक्षर फार सुरेख. एकतीस वर्षं वीज कंपनीत त्यानं बिघाडाचं रजिस्टर भरलं, पण त्यात एक खाडाखोड सापडायची नाही. तारीख, वेळ, खांब क्रमांक, बिघाडाचं कारण, सगळं कसं रांगेत. आता त्या सुरेख अक्षरात खरं किती, ते विचारू नका. तारीख आणि वेळ खरी, एवढं छातीठोक सांगता येईल.

त्याचं असं की कारणाचा रकाना मोठा वैरी. तिथं 'इन्सुलेटर फुटला' लिहिलं की वरून चौकशी: कुणी बसवला, कधी तपासला. 'सांधा ढिला' लिहिलं की खुलासा द्या, तोही तीन प्रतींत. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात जगननं एकदा खरं लिहिलं आणि महिनाभर पेणच्या ऑफिसात खेटे घातले. मग त्याला सुचलं की झाडाकडे कुणी खुलासा मागत नाही. तेव्हापासून रजिस्टरात एकच कारण: 'तारेवर झाडाची फांदी पडली.' वारा असो नसो, मार्च असो की मार्गशीर्ष, फांदी आपली पडतेच आहे. वरचे साहेबही खूश, कारण त्यांनाही त्यांच्या वरच्यांना तोंड द्यायचं असायचं.

जगन निवृत्त झाला. चार वर्षांनी एका सकाळी यज्ञेश नावाचा तरुण इंजिनीअर पेढे घेऊन त्याच्या दारात उभा. पेणच्या एका मास्तरांचा मुलगा, स्वभावानं गरीब, दर वाक्याला 'काका' म्हणणारा.

"काका, तुमची सगळी रजिस्टरं मी कॉम्प्युटरवर चढवली. इतक्या व्यवस्थित नोंदी मी कुठे पाहिल्या नाहीत. या लाइनवर चारशे बारा वेळा फांदीमुळे लाइट गेलीय, काका. त्या जोरावर सत्तावीस झाडं काढायचा प्रस्ताव केलाय. गुरुवारी ग्रामपंचायतीत सुनावणी, हरकत नसली की काम सुरू."

जगननं अर्धा खाल्लेला पेढा खाली ठेवला. ती सत्तावीस झाडं म्हणजे रस्त्याकडेचे जुने शिरीष, करंज, जांभळं आणि वळणावरची एक थोरली चिंच. खांबावरून घामाघूम उतरला की जगन त्यांच्याच सावलीत डबा खायचा, तिथंच घटकाभर पडायचा आणि उठून तिथंच बसून त्यांच्याविरुद्ध लिहायचा. त्याला वाटायचं, कागदच तो, झाडाला काय लागतंय.

आतून बायको, कृष्णाबाई, पदराला हात पुसत आली. "बरं झालं. पयली ती चिंच पाडा. त्या सटवीनं माझा दादला खाली टाकला व्हता."

एकोणीस वर्षांमागे जगन चिंचेजवळच्या खांबावरून पडला होता. डावा हात मोडला. फांदी डोक्यात बसली म्हणून पडला, असं रजिस्टरात लिहिलंय आणि घरीही तसंच सांगितलंय. त्या दिवसापासून कृष्णाबाई चिंचेखालून गेली की तिला एक तरी शिवी हासडल्याशिवाय पुढं जात नसे. सगळं गाव चुलीला चिंचेच्या पडलेल्या काटक्या नेई, आंबटाला चिंचा नेई. हिच्या घरात मात्र आमटीला कोकमच.

बरं, गावही झाडांच्या बाजूनं नव्हतं. जोह्यात घरटी गणपतीचे कारखाने. लाइट गेली की रंगाचे पंप बंद, अर्धे गणपती पीतांबराविना बसलेले. झाडं गेली तर जाऊ देत, लाइट राहू दे, असं जो तो म्हणत होता. त्यात जगन सत्तावीस झाडांना वाचवणार कसा? खरं बोलून? छे. एवढी अक्कल असती तर ही वेळच आली नसती.

त्यानं निनावी अर्ज केला. 'एक वृक्षप्रेमी' अशी सही ठोकली, पाकीट रामवाडीच्या पेटीत टाकलं आणि शीळ घालत घरी आला. तिसऱ्या दिवशी यज्ञेशचा फोन. "काका, अर्ज मिळाला. पण अक्षर तुमचंच आहे हो. चारशे बारा नोंदी वाचल्यात मी."

गुरुवारी ग्रामपंचायतीत माणूस मावेना. सरपंच बाबाजी मधोमध, शेजारी यज्ञेश, समोर गाव, आणि बायकांत पुढच्याच रांगेत कृष्णाबाई. यज्ञेशनं हरकती विचारल्या. जगन उभा राहिला, खाली बसला, परत उभा राहिला.

"खांब चव्वेचाळीसच्या नोंदी वाचा," तो म्हणाला.

यज्ञेशनं वाचल्या. त्या एका खांबावर अडतीस वेळा फांदी पडलेली.

"आता खांब चव्वेचाळीस कुठं हाय, ते पुतळीला इचारा."

पुतळी मिठागरावर काम करणारी, अख्खा जन्म खाडीच्या काठावर गेलेला. तिनं उभं न राहताच सांगितलं, "आमच्या मिठागराच्या मधी हाय. थितं गुडघ्याएवडा रोप नाय. फांदी काय अलिबागवरून उडत येते?"

हशा असा पिकला की बाबाजींना टेबल बडवावं लागलं. हशा सरल्यावर कुणीतरी नेमकं विचारलं, "मंग आमची लाइट एवडी वरसं जायची कशानं?"

"मिठानं," जगन म्हणाला. "खाडीचा वारा इन्सुलेटरवर मीठ बशिवतो. थंडीत दव पडला का मीठ भिजतं आन् लाइन बसते. ते दरसाल पुसून घ्यायला पायजेत. कोण पुसतो? मी बी नाय पुसले. फांदी लिवून मोकला झालो. झाडं तोडून लाइट ऱ्हायची नाय."

एकतीस वर्षं ज्याला हाक मारून चहा पाजला, तो असा निघाला. यज्ञेशचा चेहरा तर उंबऱ्याला ठेच लागावी तसा झाला होता. पण पोरगा प्रामाणिक. तो म्हणाला, "मग सव्वीस झाडांचं मी पुन्हा तपासतो. पण चिंचेच्या नोंदीत माणूस जखमी झालाय, काका, आणि ते तुम्ही स्वतः आहात. अपघात खोटा नाही. चिंच ठेवता येणार नाही."

गप्प राहिलं तर फक्त चिंच जाणार होती. बोललं तर समोर कृष्णाबाई. सत्तावीसातली सव्वीस वाचली, एक गेली, कुणाला काय त्याचं? पण त्याला राहवेना.

"चिंचेनं मला पाडला नाय," तो खाली बघत म्हणाला. "वडखळला कबड्डीची फायनल व्हती. लवकर सुटायचं म्हनून लाइन बंद न करताच चढलो. धक्का बसला न फेकलो गेलो. खाली दगड व्हते. चिंचेच्या फांदीनं झेलला, म्हनून हातावर निभावलं."

कृष्णाबाई उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेली.

झाडं वाचली. सत्तावीसच्या सत्तावीस. झाडांच्या पट्ट्यात उघड्या तारांऐवजी वेष्टनाची केबल टाकायची, अडणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटायच्या आणि इन्सुलेटर दिवाळीआधी पुसून घ्यायचे, असं ठरलं. गावानं जगनला महिनाभर पुरेल इतकं चिडवलं. नाक्यावर कुणाच्या हातून कप पडला तरी पोरं ओरडत, फांदी पडली. ते त्यानं हसून घेतलं. पण कृष्णाबाई चार दिवस बोलली नाही, आणि ते त्याला सोसेना. भाकरी ताटात आपटली जायची, एवढाच काय तो संवाद.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "चला. कंची फांदी ती, मला दाखवा."

दोघं वळणावर आले. तिनं मान वर करून एकेक फांदी नीट पाहिली. "ही?"

"नाय."

"मंग ती?"

जगननं बुंध्याकडे बोट दाखवलं. माणसाच्या डोक्याच्या हातभर वर, सालीनं सगळीकडून वेढून घेतलेली, ताटलीएवढी जुनी जखम होती.

"हितं व्हती," तो म्हणाला. "आठव्या दिवशी सायेब बघाया येनार व्हते. फांदी पडली लिवलेलं, मंग पडलेली दिसाया नको? तू बाजाराला गेलेलीस. मोडका हात गल्यात बांधून एका हातानं कोयत्यानं तोडली. दोन तास लागले."

कृष्णाबाईनं जखमेला हात पोचतो का पाहिलं. पोचेना, म्हणून टाचा उंचावल्या आणि तळवा टेकवला. पेणची एसटी आली, हॉर्न देऊन गेली, तरी तिनं हात काढला नाही. जगनला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठ हलत होती, आणि इतकी वर्षं या बाईनं दिलेल्या सगळ्या शिव्या आपल्या वाट्याच्या होत्या, हे त्याला कळून चुकलं.

शेवटी ती वळली. पदरानं डोळे पुसले.

"आज जेवाया घरी येव नका," ती म्हणाली. "तिच्याजवल बसा. माझ्याजवल उद्या."