शफी खलिफाची माती

खलिफा हा अरबांचा बादशाही किताब. तो बगदादेहून निघाला, तुर्कीत शिरला, फारशीत शिरला, उर्दूचं बोट धरून दखनेत उतरला आणि आमच्या औरंगाबादेत येऊन त्यानं थेट लंगोट कसला! निजामाच्या राज्यात इथं हजामालाही खलिफा म्हणत, शिंप्यालाही म्हणत आणि तालमीत वस्तादाच्या हाताखालच्या माणसालाही.

आमच्या सांडू वस्तादांचा खलिफा म्हणजे शफी. तो ऐटीत सांगायचा, "खलिफा म्हंजे मागं ऱ्हाऊन जागा सांभाळणारा. वस्तादांच्या मागं मी."

"व्हय, पर मला घाई नाय," वस्ताद हसायचे.

तालमीची रीत अशी, की खलिफानं मूठभर तांबडी माती अंगावर टाकल्याशिवाय कुणी कुस्तीच्या हौद्यात उतरायचं नाही. काय तो हात होता! ती माती आठवली की अजून विशीत असल्यासारखं वाटतं.

चोवीस साली बातमी आली, की तुर्कस्तानच्या नव्या सरकारनं खलिफांची गादी मोडली आणि त्यांना देशाबाहेर घालवलं. शफी तालमीत येईनासा झाला. निरोप एवढाच, "ज्यांचा किताब त्यांनाच घर ऱ्हायलं नाय. मला त्या नावानं हाक मारू नका." काही टवाळ हसले. त्यांचा मला आजही राग येतो.

जत्रेच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या आणि आम्ही हौद्याच्या काठावर नुसते बसून. दुसऱ्या कुणी माती उचलू लागलं, की वस्ताद डोळे वटारायचे. शेवटी तेच शफीच्या दारी गेले.

"शफ्या, गादी त्यांनी मोडली. ही माती कुणाच्या बापाला मोडता येत नाय. चल."

शफी ढसाढसा रडला. "माती टाकीन, वस्ताद. पर नाव नको."

वस्तादांनी शब्द दिला. शफीनं पुढं वर्षानुवर्षं माती टाकली आणि आम्ही त्याला शफीभाईच म्हणत राहिलो.

मग तापानं तो गेला. कबरीत माती द्यायला सगळी तालीम उभी होती. वस्तादांनी तिथली माती घेतली नाही. पंच्यात बांधून आणलेली हौद्यातली माती सोडली, मूठभर. तेव्हा ते पार थकले होते.

"माझ्या मागं ऱ्हाणार होतास ना रं," ते म्हणाले, "लई घाई केलीस, खलिफा."