पापडासारखे जोडे अन् देवळाची पायरी

मैत्रिणींनो, आज सकाळी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय माझा कामाला हात लागत नाही.

आमचे हे स्टील प्लांटमधून रिटायर झाले, पण बोटांवर लोखंडी टोपी असलेले ते जड सेफ्टी शूज काही सुटले नाहीत. थंडीत तेच घालून देवळात जायचे. मागच्या आठवड्यात देवळाच्या फाटकाची पायरी पायाला समजलीच नाही, अन् धडपडले. तेव्हापासून फिरणं बंद, देवदर्शनही बंद.

काल मी आमच्या कॅम्प-१ वस्तीच्या बाजारातून कापडी जोडे आणले. पातळ तळाचे, पुढून रुंद. आत लोकरी मोजा मावावा म्हणून एक नंबर मोठे घेतले.

हे म्हणाले, “अवो, एवढ्या थंडीत हे पापड घालू का?”

“घाला. मोडले तर भाजून वाढीन.”

आज पहाटे धुक्यातच निघालो. कोपऱ्यावर हे एकदम थांबले. मला वाटलं, आता घरी परततात. पण डोळे मिटून म्हणाले, “थांब. इथं पायाखाली गिट्टी आहे ना? अन् हे गवत. मले सारं समजून राहिलं वो!”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं लोखंडात कोंडलेले पाय, तरी देवानं तळव्यांना दिलेली नजर शाबूत होती!

देवळाच्या फाटकाशी तीच पायरी आली. मी आधाराला हात पुढे केला. हे आपल्या आपणच चढले, वळले, अन् मलाच हात दिला. “ये, सांभाळून.”

तुमच्या घरी कोणाचे पाय असे जड जोड्यांत अडकलेत का हो? आज विचारून पाहा.