ओल्या केसांची लांबी

"कान दिसायला नकोत गं," माझ्या पार्लरमध्ये आरशासमोर बसलेल्या काकू लेकीला हळूच म्हणाल्या.

"आई, कोण बघतंय तुझे कान!"

केस धुताना कानामागचा ऑपरेशनचा व्रण मी पाहिला होता. बोलले मात्र नाही. अनोळखी माणसांशी मला पटकन बोलता येत नाही.

दोन इंच कापायचं ठरलं होतं. कात्री लावण्याआधी मी एक बट ड्रायरने वाळवून पाहिली. हनुवटीवरून ती झरकन कानाच्या पाळीपर्यंत चढली. ओले कुरळे केस निमूट सरळ राहतात, आपण त्यांना तसेच समजतो. गप्प माणसांचंही बहुधा असंच होतं.

मी कात्री खाली ठेवली आणि श्वास सोडला.

"काकू, आज फक्त टोकं कापू या. कान झाकलेलेच राहतील."