काचेवरचे पाच ठिपके

नेवासा फाट्यावर पुण्याची एसटी थांबली तेव्हा माझ्या हातात बावीस वस्तूंची यादी होती आणि एकवीस वस्तूंवर खूण झालेली होती. बाविसावी, म्हणजे खोबरेल तेलाची बाटली, आईच्या पिशवीत राहिली होती. गाडी सुटायच्या बेतात असताना आई ती द्यायला वर चढली. गर्दीतून वाट काढत माझ्या सीटपाशी आली, बाटली मांडीवर ठेवली, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि कंडक्टरच्या शिव्या खात खाली उतरली.

शेजारी औरंगाबादहून बसून आलेली एक मुलगी होती. माझ्याच वयाची, अठराची. तिने विचारलं, "कोण गं त्या?"

मी म्हणाले, "गावच्या आहेत."

खोटं नव्हतं ते. आई गावचीच होती. खिडकी उघडी होती आणि आई खिडकीखालीच उभी होती. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसणार, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

कारण सांगते. आईच्या चेहऱ्यावर गोंदण होतं. कपाळावर भुवयांच्या मधोमध एक ठिपका, उजव्या गालावर एक आणि हनुवटीवर तीन. हिरवट, जरा पसरलेले. ती आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दोघींनी लहानपणी जत्रेत एकाच दिवशी गोंदवून घेतलं होतं. आमच्या आळीत त्या वयाच्या सगळ्याच बायकांना असायचं. पण तालुक्याच्या शाळेत जायला लागल्यावर मला ते टोचायला लागलं. मास्तरणीच्या चेहऱ्यावर नव्हतं, डॉक्टरीणबाईंच्या नव्हतं. पालकसभेची चिठ्ठी मी दोनदा दप्तरातच ठेवली होती.

मग पुणे, नोकरी, लग्न, नवऱ्याची बदली आणि गेली एकोणीस वर्षं बंगळूर. एका कंपनीचं भांडार मी सांभाळते. कुठल्या फळीवर काय आणि किती, हे मला न बघता सांगता येतं. याद्यांची सवय वडिलांची. आमचे नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते आणि म्हणायचे, "लिहून ठेवलं की डोकं मोकळं." मी आयुष्यभर डोकं मोकळं ठेवलं. घरासाठीही यादी होती: रविवारी फोन, दिवाळीला चार दिवस, उन्हाळ्यात जमलं तर. खूण केली की झालं. दादा आणि वहिनी मात्र घरातच राहत होते. त्यांच्या कामांना खुणा करायची सोय नव्हती.

माझी मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा शनिवार-रविवारचा फोटोग्राफीचा क्लास लावला. दर आठवड्याला एक गृहपाठ. पहिला, चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता रेघेवर ठेवायची. दुसरा, रस्ता, कठडा, तार असं काहीतरी वापरून नजर आत न्यायची. तिसरा, दारा-खिडकीची चौकट. मला हे फार आवडलं. इतकी वर्षं मी सामान मांडत होते, आता उजेड मांडायला लागले. शिकवणाऱ्या मॅडम मल्याळी, वयाने माझ्यापेक्षा लहान. दर वेळी म्हणायच्या, "बघणाऱ्याची नजर जिथे अडखळते ते काढून टाका." मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

सातवा गृहपाठ होता घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा फोटो आणि त्यावरचं संपादन. दिवाळीत गावी गेले ते कॅमेरा घेऊनच.

आई ऐकून खूश झाली. म्हणाली, "बरं झालं. भिताडाला लावन्यासारखा एक काढ. मागं लावायला लागतोच. न्हाईतर आधार कार्डावरचा लावतील, त्यात मी चोरट्यावानी दिसती."

"आत्या, तुमी तर लई पुढचं बोलता," वहिनी म्हणाली.

"पुढचंच बोलायचं वय झालं की गं."

सकाळी दहाला ओसरीच्या दारात तिला बसवलं. उजेड डावीकडून, मागे काळोख, अगदी शिकवल्यासारखं. नाना गेल्यापासून तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं, हातात बांगड्या नव्हत्या. मी म्हटलं, "पदर जरा पुढे घे, सावली छान येते." तिने उलट पदर मागे सारला आणि हनुवटी वर केली.

"हे येऊ दे नीट," ती म्हणाली. हनुवटीला बोट लावून दाखवलंसुद्धा. "बाकीचं सगळं हितंच उतरून घेत्यात. गोंदान तेवढं संगं येतं."

मी हे ऐकलं. आज लिहिताना ही गोष्ट मुद्दाम लिहिते आहे. मला ऐकू आलं नाही, असं नव्हतं.

बंगळूरला आल्यावर संगणकावर तो फोटो उघडला. फार चांगला आला होता. डोळे, सुरकुत्या, पांढरे केस, सगळं जिथल्या तिथे. संपादनात एक ब्रश असतो. डागावर टेकवला की तो आजूबाजूची कातडी घेऊन डाग भरून काढतो. मुरूम, ओरखडे, लेन्सवरची धूळ, असल्या गोष्टींसाठी तो असतो. मी तो आधी गालावरच्या ठिपक्यावर टेकवला. गेला. मग हनुवटी, एक, दोन, तीन. शेवटी कपाळ. पाच वेळा बोट दाबलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आणि मला बरं वाटलं. लाज वाटते ती याची. हात चुकला असता किंवा कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. पडद्यावर आईचा स्वच्छ चेहरा आला आणि शाळेपासून छातीत रुतलेलं काहीतरी सैल झालं. वाटलं, ही आई पालकसभेला चालली असती.

वर्गात फोटो पडद्यावर लावला. मॅडम म्हणाल्या, "नजर सरळ डोळ्यांवर जाते." टाळ्या झाल्या. मी मोठी प्रिंट काढली, काच-चौकट करून गावी पाठवली. मग नेहमीच्या शिस्तीप्रमाणे काम झालेल्या फाइली काढून टाकल्या. मूळ अकरा फोटो होते, अकराही पुसले, फक्त संपादन केलेला ठेवला. यादीत खूण केली.

रविवारी फोन केला. वहिनी म्हणाली, "छान आलाय, वन्सं." पुढे काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. आई फोनवर आली.

"लई गोरी केलीस गं मला, संगे."

"आवडला का?"

"तुला आवडला ना? मग झालं."

फाल्गुनात आई गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता. मी पोहोचले तेव्हा तिला नेलेलं होतं. चेहरा शेवटचा पाहायचा राहिला.

दहाव्याला प्रवरेवर जाऊन आलो. दुपारी आळीतल्या बायका भेटायला बसल्या. पाटावर तो फोटो, हार, समई. एक म्हातारी पुढे सरकली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"ह्यो फोटू कुनाचा म्हनायचा?"

"आईचाच की, काकू," दादा म्हणाला.

"मंग गोंदान कुटं गेलं तिचं?"

"कंपुटरात धुतला असंल फोटू," दादा बिचारा मला सांभाळून घ्यायला म्हणाला.

"धुऊन जायला ती काय शाई हुती व्हय रे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "प्रिंट काढताना गेलं असेल." नेवासा फाट्यावर बोलले होते त्याच आवाजात.

राहात्याहून आलेली मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर तेच पाच ठिपके. ती उठली. वहिनीला म्हणाली, "सूनबाई, काजळ हाय का घरात?"

दादाच्या नातवासाठी पाडलेलं काजळ होतं. मावशी पाटासमोर बसली, करंगळी काजळात बुडवली आणि काचेवर कपाळाच्या जागी टेकवली.

"हे आधी," ती म्हणाली. "सुई टोचली तशी पळायला लागली हुती. म्या धरून ठिवली." मग गाल. "हितं रडली." मग हनुवटीवर एक, दोन, तीन. "हितं मला म्हनली, बघ, न्हाई दुखत. खोटारडी. दुखत हुतं तिला."

बायका हसल्या, मग रडल्या. मला दोन्ही जमलं नाही.

बंगळूरला परत आल्यावर ते सुधारायला बसले. पुसता येतं तसं भरताही येतं. पण ब्रश हातात घेतला आणि कळलं की मला जागा माहीत नाहीत. कपाळावरचा भुवयांच्या रेषेत की वर? हनुवटीवरचे तीन एका ओळीत की त्रिकोणात? भांडारातला प्रत्येक खिळा कुठे आहे हे सांगणारी मी, आईच्या तोंडावर काय कुठे होतं ते सांगू शकले नाही. वहिनीला फोन केला. ती पटकन म्हणाली, "त्रिकोणात, वन्सं. डावीकडचा जरा खाली. शेवटी शेवटी मीच तोंड पुसायचे ना त्यांचं."

मी संगणक बंद केला. ते भरायचा हक्क मला नव्हता.

त्या उन्हाळ्यात यादीत एकच ओळ लिहिली आणि राहात्याला गेले. मावशी शेंगा फोडत होती. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर राहिलं असतं. "मावशी, ते प्रिंटमध्ये गेलं नव्हतं. मी पुसलं होतं."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुझी आई सांगून गेली की. फोटू आला तवाच फोन केला हुता तिनं." मावशी शेंगा फोडत राहिली. "म्या म्हनलं, पोरीला परत करायला लाव. तर म्हनली, न्हाई गं, ऱ्हाऊ दे. संगीला बारकी असल्यापास्नं ते आवडत न्हाई. फाट्यावर गाडीत बसली तवापास्नं मला ठावं हाय. एका फोटूत तरी तिला पायजे तशी दिसते."

म्हणजे इंजिनाचा आवाज पुरेसा मोठा नव्हता.

मावशीने सूप माझ्याकडे सरकवलं. "फोड. बसून ऱ्हाऊन काय हुतंय?"

दादा, वहिनी, हे तुमच्यासाठी लिहिलं. दहाव्याला सर्वांसमोर खोटं बोलले, तर खरंही सर्वांना कळायला हवं. आणि माझ्यासारख्या ज्या गाव सोडून आल्या, ज्यांनी एसटीच्या खिडकीतून काहीतरी बोलून इंजिनावर भरवसा ठेवला, त्यांच्यासाठीही.

आता घर म्हटलं की मला ओसरीतली ती काच आठवते. काजळ टिकत नाही. वहिनी काच पुसते तेव्हा ते जातं आणि ती परत लावते. मागच्या वेळी गेले तर तिने काच पुसली आणि काजळाची डबी माझ्यापुढे धरली. मी करंगळी बुडवली. कपाळ आधी, तिथे ती पळाली होती. गालावर रडली होती. हनुवटीच्या तिसऱ्या ठिपक्याला माझा हात थांबला.

"जरा खाली, वन्सं," वहिनी म्हणाली.

मी जरा खाली लावला.