न काढलेली दाढ

"तोंडाला जरा उसंत द्या हो!" रुग्णाने आ केला रे केला की आमच्या डॉक्टरबाई हे म्हणत, आणि चिमटा खाली ठेवून आधी स्वतःचं मनगट चोळत. डहाणूकडच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही कधी ताटकळला असाल, तर अशी थकलेली माणसं पाहिली असतीलच. मी तिथं मदतनीस. बाई मला मामा म्हणायच्या.

दिवसभर दाढा उपटायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? "मामा, नोकरीभर नुसत्या काढतच आले. एक तरी वाचलेली दाढ बघून जायचंय," म्हणायच्या.

एकदा तलासरीकडची, चिकूच्या वाडीत मजुरी करणारी आई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. "काढून टाका, बाई. दुधाचीच हाय. सारख्या खेपा घातल्या तर रोज बुडतो."

"अगं, दुधाची नाही, जन्माची आहे! भोक नाही पडलेलं, नुसता पांढरा डाग आहे. थुंकीतले क्षार दाढेत परत जिरतात. पण पोरगी दिवसभर चिकू चघळणार, मग थुंकीने काम करायचं कधी?" बाईंनी दाढेला औषध लावलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

पुढच्या खेपेला पोर अगदी मलूल. तोंडाला उसंत द्यायची म्हणून आईने तिला सकाळपासून काही खाऊच दिलं नव्हतं! बाईंनी कपाळाला हात लावला. "जेवू घाल गं तिला, पोटभर! मधलं गोड तेवढं बंद." आणि स्वतःचा डबा तिच्यापुढे सरकवला. जाताना पुन्हा तीन महिन्यांनी बोलावलं. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

मग बाईच आजारी पडल्या. भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "ती पोरगी आली का?" नव्हती आली. मला त्या मायलेकींचा खरंच राग यायचा. बाई गेल्या, तेव्हाही त्या आल्या नव्हत्या.

भाताची लावणी आटोपल्यावर आल्या. नवे डॉक्टर अजून रुजू व्हायचे होते. राहवेना, म्हणून मीच बॅटरी धरली. डाग होता, पण टणक, चकचकीत. भोक नाही.

"काढायची का?" आईने विचारलं.

"नाही. वाचली." मी बॅटरी विझवली.

ती हसली. "बाईंना सांगा हां."

"सांगतो," म्हणालो.