तळ्याचा सोडा

लेबलं छापखान्यात गेली होती आणि माझ्या टेबलावरचा ग्लास लाल झाला होता. मी नवा नमुना पाण्यात विरघळवला, चिमूटभर हळद टाकली. पुन्हा लाल.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या छोट्या कारखान्यात मोठ्या कारखान्यातून पिंपांत आलेला खाण्याचा सोडा घरगुती पुड्यांत भरायचे. मी तिथली केमिस्ट. मालक देसाईसाहेबांना नुकताच एक व्यापारी भेटला होता. एका खाऱ्या तळ्याच्या काठावर उन्हाळ्यात साचणारा सोडा तो विकायचा. साहेब हरखून गेले. लेबलावर त्यांनी स्वतः मजकूर लिहिला: नैसर्गिक सोडा. भजी, पित्त, भांडी, सगळ्याला एकच.

सोडे दोन. खाण्याचा सौम्य असतो, त्यात हळद जेमतेम केशरी होते. धुण्याचा जहाल, त्यात ती लालभडक होते. मी टायट्रेशनही केलं, म्हणजे थेंब थेंब अ‍ॅसिड टाकून कुठला क्षार किती आहे ते मोजलं. तळ्याच्या मालात निम्म्याहून जास्त धुण्याचाच सोडा होता. मला बसवेना. संध्याकाळी छपाई सुरू होणार होती.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, हा पोटात घेण्यासारखा नाही."

"अहो बाई, तळ्यातनं आलेली वस्तू ती. कारखान्यातल्यापेक्षा वाईट कशी असेल?"

"तळ्यात दोन्ही एकत्र साचतात. कारखान्यात फक्त खाण्याचा करून घेतात."

केमिस्ट लोकांना खोट काढल्याशिवाय पगार पचत नाही, असं ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. लबाड माणूस असता तर निदान भांडता आलं असतं. ह्यांचा तर त्या सोड्यावर मनापासून विश्वास. मी दोन ग्लास आणून त्यांच्यासमोर ठेवले, एकात आमचा नेहमीचा सोडा, दुसऱ्यात तळ्याचा. दोन्हींत हळद टाकली. एक केशरी, एक लाल.

"रंगाचं काय घेऊन बसलात?" ते म्हणाले. "आमची सुमन आठवडाभर हाच घेतेय, लिंबूपाण्यातनं. पित्तावर."

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. "मग बरं वाटतंय का त्यांना?"

साहेब लाल ग्लासाकडे बघत राहिले. "जळजळ वाढलीय म्हणते," ते हळूच म्हणाले. मग उठले, टोपी घातली. दारातून मला म्हणाले, "छापखान्यात फोन करा. थांबवा म्हणावं." आणि मुलुंडला घरी निघाले.

डॉक्टरांनी तो सोडा बंद करायला लावला आणि सुमनताई हळूहळू बऱ्या झाल्या. तळ्याचा सोडा आम्ही भांडी आणि कपड्यांसाठी विकला, 'पोटात घेऊ नये' असं ठळक छापून. तेलकट कढया त्याने झकास निघायच्या. भज्यांना आणि पित्ताला मात्र कारखान्यातलाच राहिला.

पुढे मी सुमनताईंना भेटायला गेले. एवढं जळत असताना घेत का राहिलात, असं विचारलं.

"पहिल्याच दिवशी जळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणाले, नैसर्गिक आहे. मला वाटलं, मग माझंच पोट वाईट असेल."

त्यानंतर कुठलाही नवा नमुना टेबलावर आला, की ग्लास काढण्याआधी मी विचारायचे, हा घरी कुणाला देऊन झालाय का?